आठवीतलं बीजगणित आणि एक सही

कॅलिफोर्नियातल्या एका उपनगरातून एका आईचं पत्र आलं आहे. त्या मूळच्या नाशिकच्या, यजमान परभणी जिल्ह्यातले, अमेरिकेत येऊन बारा वर्षं झाली. मुलगी सहावीत, तिथल्या पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे सरकारी शाळेत. त्यांच्या स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने, ठरवलंय की पुढच्या वर्षापासून सातवी-आठवीचा अ‍ॅडव्हान्स्ड मॅथचा वेगळा वर्ग बंद. सगळी मुलं एकाच वर्गात बसणार आणि बीजगणित सगळ्यांनाच नववीत. कारण दिलंय समानतेचं: त्या वेगळ्या वर्गात लॅटिनो (लॅटिन अमेरिकन वंशाची) आणि कृष्णवर्णीय मुलं जवळजवळ नसतातच. भारतीय पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'वेगळा वर्ग परत सुरू करा' असं निवेदन फिरतंय. यजमान म्हणतात, सही कर. ते स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेतले, पाचवीत गुरुजींनी फॉर्म भरून घेतला म्हणून नवोदयला गेले. 'परीक्षा नसती तर आज मी शेतात असतो,' असं ते ठामपणे सांगतात. पण मुलीची जिवलग मैत्रीण मेक्सिकन घरातली आहे, तिची आई घरं साफ करायला जाते आणि तिला या निवेदनाचा पत्ताही नाही. त्या लिहितात, 'सही केली तर त्या मुलीशी बेइमानी, नाही केली तर माझ्या मुलीशी. तत्त्वापायी मी पोटच्या पोरीचं नुकसान करतेय का?'

तुम्ही विचारलंय, सही करू की नको. त्याआधी मला सांगा, त्या निवेदनात नेमकं लिहिलंय काय? 'वेगळा वर्ग परत सुरू करा' म्हणजे जसा होता तसाच, त्याच परीक्षेने, त्याच मुलांचा? की आठवीत बीजगणित शिकायची सोय राहू द्या, एवढंच? वरवर या दोन्ही मागण्या सारख्याच वाटतात. पण तुमचा हात अडकतोय तो या दोहोंच्या मधोमध, असं मला तुमचं पत्र वाचताना वाटत राहिलं.

यजमानांची भीती आधी घेते, कारण ती खोटी नाही. अमेरिकन हायस्कूलमध्ये, म्हणजे नववी ते बारावीत, गणिताच्या पायऱ्या ठरलेल्या असतात: अल्जिब्रा वन (बीजगणित), मग भूमिती, मग अल्जिब्रा टू, मग प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस. आठवीत बीजगणित झालं तर बारावीपर्यंत कॅल्क्युलस होतं. नववीत सुरू केलं तर एक पायरी कमी पडते. मग उन्हाळ्यात भूमिती उरकायची, नाहीतर एका वर्षात दोन विषय घ्यायचे, नाहीतर अल्जिब्रा टू आणि प्रीकॅल्क्युलस एकत्र करून शिकवणारा वर्ग शाळेत आहे का ते बघायचं. वाटा आहेत, पण त्या शोधाव्या लागतात. आणि शोधतं कोण, हे तुम्हीच सांगितलंय. तुमच्या ग्रुपवर आत्तापासून ऑनलाइन अल्जिब्राच्या फीची चर्चा सुरू आहे.

हे सगळं सॅन फ्रान्सिस्कोत होऊन गेलंय, आणि तुमच्या डिस्ट्रिक्टच्या लोकांनी ते नीट बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिथे 2014 मध्ये बीजगणित आठवीतून काढून सगळ्यांसाठी नववीत नेलं. हेतू वाईट नव्हता. त्याआधी आठवीत सगळ्यांना बीजगणितात ढकललं जायचं, खूप मुलं नापास व्हायची, तोच विषय पुन्हा घ्यायची, आणि त्यात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं जास्त असायची. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये या बदलाचा हिशेब मांडला. हायस्कूलच्या शेवटी वरच्या पातळीचं गणित घेणाऱ्या मुलांची संख्या सुरुवातीला घटली, पुढे दोन विषय एकत्र शिकवणाऱ्या जोडवर्गांमुळे काहीशी सावरली. पण कृष्णवर्णीय-लॅटिनो मुलं आणि बाकीची मुलं यांच्यातली जी दरी बुजवायला हा सगळा खटाटोप केला, ती जवळपास तेवढीच राहिली. मधल्या काळात ज्यांना परवडत होतं त्यांनी बाहेर पैसे भरून बीजगणित करून घेतलं. शेवटी 2024 च्या फेब्रुवारीत तिथल्या बोर्डाने, म्हणजे डिस्ट्रिक्टचा कारभार बघणाऱ्या मंडळाने, आठवीतलं बीजगणित परत आणायचं ठरवलं, आणि मार्चमध्ये 80 टक्क्यांहून जास्त मतदारांनी त्या बाजूने कौल दिला. कौल बंधनकारक नव्हता, पण एवढ्या उदारमतवादी शहरातला आकडा आहे, म्हणून सांगते.

म्हणजे यजमान बरोबर आणि डिस्ट्रिक्ट चूक? इथे मात्र थांबा. वर्ग बंद करून दरी बुजली नाही, हे खरं. पण वर्ग जसा होता तसा चालू होता तेव्हा ती दरी होतीच की.

मी बीड जिल्ह्यात नऊ वर्षं गणित शिकवलं आणि नंतर कॅलिफोर्नियात मिडल स्कूलला एकोणीस वर्षं. बीडच्या आमच्या शाळेत तुकड्या मार्कांवर पडायच्या, अ, ब, क, ड. नवीन शिक्षकाला ड तुकडी मिळायची, तशी मलाही मिळाली. सातवी ड मध्ये एक मुलगा होता. दिवाळी झाली की आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा, तो गुढीपाडव्याच्या सुमारास परत यायचा. निम्म्या परीक्षा बुडालेल्या, त्यामुळे ड तुकडी ठरलेलीच. एकदा मी शेकडेवारी शिकवत होते आणि तो खिडकीतून बाहेर बघत होता. रागावून उभं केलं. त्याने शांतपणे सांगितलं की मुकादमाच्या वहीत त्याने चूक पकडली होती. टनाला दर किती, हंगामात टन किती भरले, त्यातून मुकादमाचं कमिशन किती, उचल किती फिटली, किती अंगावर राहिली, हे सगळं तोंडी. बाप अंगठा उठवणारा, म्हणून हिशेब हा ठेवायचा. फळ्यावर मी जे लिहिलं होतं ते त्याला फार आधीपासून येत होतं.

त्या काळी सातवीला शिष्यवृत्ती परीक्षा असायची. फॉर्म आले की अ तुकडीत वाटायचे, उरले तर ब मध्ये. ड तुकडीत फॉर्म जात नसत. कुणी मनाई केली नव्हती, तशी रीतच होती. मीही नेले नाहीत. परीक्षेच्या दिवसांत तो गावात नसताच, हे कारण मी बरीच वर्षं स्वतःला देत आले. पण फॉर्म त्याच्या हातात पडला असता तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही, आणि ते माहीत नसणं माझ्यामुळे आहे.

म्हणून तुमच्या यजमानांच्या बोलण्यातलं एक वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं, आणि ते परीक्षेबद्दलचं नाही. 'गुरुजींनी फॉर्म भरून घेतला.' त्यांना एकदा शांतपणे विचारा, गुरुजींनी भरून घेतला नसता तर? घरातून कुणी भरला असता का? नवोदयची परीक्षा कठीण असते, पण ती आखताना कुणीतरी आणखी एक विचार केला होता. प्रत्येक जिल्ह्याची वेगळी शाळा, आणि निदान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. निवड होती, पण परभणीच्या पोराला मुंबई-पुण्याच्या पोरांशी झुंजावं लागत नव्हतं. यजमान ज्या परीक्षेचे उपकार मानतात ती परीक्षा आणि तुमच्या डिस्ट्रिक्टमधली परीक्षा एकसारख्या नाहीत. तुम्हीच लिहिलंय, त्या वर्गाची चाचणी शनिवारी सकाळी असायची आणि नाव पालकांनी ऑनलाइन नोंदवायचं. मैत्रिणीच्या आईचा शनिवार कामाचा. तिच्यापर्यंत ती ईमेल पोचली तरी होती का?

फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत हेच झालं होतं. हुशार मुलांच्या खास कार्यक्रमासाठी शिक्षकांनी किंवा पालकांनी नाव सुचवावं लागे. 2005 च्या सुमारास त्यांनी दुसरीतल्या सगळ्या मुलांची सरसकट चाचणी सुरू केली. पात्रतेची अट तसूभरही खाली आणली नाही. तरीही गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांची संख्या चांगलीच वाढली. मुलं तिथेच होती, फक्त त्यांचं नाव कुणी सुचवत नव्हतं. टेक्सासमध्ये डॅलसच्या शाळांनी 2019 पासून उलटी पद्धत आणली: पाचवीचे गुण चांगले असतील तर मूल आपोआप वरच्या वर्गात जाणार, नको असेल तर पालकांनी तसं कळवायचं. 2023 मध्ये टेक्सासने तसा कायदाच केला. नॉर्थ कॅरोलायनाने तर त्याआधीच, 2018 मध्ये केला होता.

आता या वादातली सगळी माणसं तुमच्या ग्रुपवर दिसतात तशी दोन बाजूंना उभी नसतात, हे सांगायला एक गोष्ट सांगते. बॉब मोझेस नावाचा कृष्णवर्णीय कार्यकर्ता होता. 1960 च्या दशकात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंदणी व्हावी म्हणून जिवावर उदार होऊन फिरला. तिथे नोंदणीला गेलेल्या माणसाला घटनेतलं कलम वाचून त्याचा अर्थ सांगायला लावत, आणि पास-नापास ठरवायचं कचेरीतल्या गोऱ्या माणसाने. हाच मोझेस 1982 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिजमध्ये आठवीतल्या मुलीचा बाप होता आणि त्याची तक्रार अगदी तुमच्या यजमानांचीच होती: माझी मुलगी बीजगणिताला तयार आहे आणि शाळेत ते नाही. तो शिक्षिकेकडे गेला, म्हणाला, मी शिकवतो तिला. शिक्षिका म्हणाल्या, शिकवा, पण वर्गात येऊन, आणखी काही मुलांनाही. त्यातून अल्जिब्रा प्रोजेक्ट उभा राहिला आणि पुढे दक्षिणेतल्या गरीब शाळांत पोचला. मिसिसिपीत मताचा हक्क जसा होता तसाच आजच्या मुलांसाठी बीजगणिताचा, असं तो सांगायचा. बीजगणित उशिरा द्या, असं तो कधी म्हणाला नाही. सगळ्यांना द्या म्हणाला, आणि द्यायचं कसं हेही शोधलं. मुलांना बोस्टनच्या रेड लाइन मेट्रोत बसवायचे. एक स्टेशन शून्य धरायचं, एका दिशेची स्टेशनं अधिक, दुसऱ्या दिशेची उणे. आधी चित्र काढायचं, मग आपल्या भाषेत सांगायचं, चिन्हं अगदी शेवटी. उणे तीनमधून उणे पाच वजा करताना अडखळणारं मूल 'मी इथून तिथे गेलो' म्हणताना अडखळत नाही, हे मी माझ्याही वर्गात करून पाहिलंय.

डिस्ट्रिक्टची बाजूही मला वर्गाच्या आतून माहीत आहे. माझ्या एका वर्षीच्या वर्गात चौतीस मुलं होती. पाचसहा जण अजून अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश लिहीत होते, आणि एक मुलगा दहा मिनिटांत पान संपवून हात वर करायचा. मी त्याला सांगायचे, शेजारच्याला समजाव. वर्षभर हेच. जूनमध्ये मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या, तुम्ही काय शिकलात. त्याने लिहिलं होतं, 'मी समजावून सांगायला शिकलो. नवीन गणित कोणतं शिकलो ते आठवत नाही.' ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. मिसळलेला वर्ग चालू शकतो, पण त्याला वर्गात दुसरा शिक्षक लागतो, निरनिराळ्या पातळीची गणितं लागतात, तयारीला वेळ लागतो. हे काही न देता नुसत्या भिंती पाडल्या तर अडखळणाऱ्यालाही न्याय मिळत नाही आणि पुढे गेलेल्यालाही नाही. तुमच्या डिस्ट्रिक्टला हाच पहिला प्रश्न विचारायला हवा: शिक्षकांना काय देणार आहात?

आता सहीचं. माझं मत विचाराल तर सध्याच्या निवेदनावर सही करू नका, पण गप्पही बसू नका. मसुदा बदलून मागा. आठवीत बीजगणित राहू द्या. प्रवेशासाठी वेगळी शनिवारची परीक्षा नको, शाळेत होणाऱ्या राज्याच्या चाचणीचे गुण धरा. जे मूल त्यात बसेल ते आपोआप वर्गात, पालकांनी अर्ज करायची गरज नको. आणि थोडक्यात हुकलेल्या मुलांना सातवीत जादा तास द्या. एवढंच. यावर तुम्ही बिनधास्त सही करू शकाल, आणि मला वाटतं यजमानही करतील, कारण यात परीक्षा आहे आणि गुरुजीही आहेत. कॅलिफोर्नियाच्या 2023 च्या गणित आराखड्यात आठवीतल्या बीजगणिताचा निर्णय स्थानिक डिस्ट्रिक्टवरच सोडलाय, त्यामुळे 'राज्याचाच आदेश आहे' असं कुणी सांगितलं तर मानू नका. ग्रुपवर मसुदा बदलायला काही जण तयार होणार नाहीत. 'आपल्या मुलांचा' हा शब्द तिथे वारंवार येतो, असं तुम्ही लिहिलंय. तो शब्द काढायला सांगा. त्यावरूनच कळेल कोण कशासाठी सही करतंय.

आणि समजा बोर्डाने काहीच ऐकलं नाही, तर? मुलीचं आयुष्य वाया जात नाही. आठवीच्या नेहमीच्या गणितातही रेषीय समीकरणं, आलेख, फलनं येतात. ते नीट पक्कं झालं तर नववीनंतर एका उन्हाळ्यात भूमिती करता येते. त्याला हायस्कूलची मान्यता आहे ना, एवढं आधी शाळेच्या कौन्सेलरकडून (सल्लागाराकडून) लिहून घ्या. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, ही बऱ्याच पालकांना माहीत नसते. 2015 चा राज्याचा कायदा आहे, त्यानुसार नववीत मुलांना गणिताच्या कोणत्या वर्गात घालायचं याचं प्रत्येक डिस्ट्रिक्टचं लेखी आणि पारदर्शक धोरण असावं लागतं, आणि पहिल्या महिन्यात फेरतपासणीची संधी द्यावी लागते. ते धोरण आत्ताच मागून घ्या. ज्यांची मुलं आज आठवीत आहेत त्यांनी तर उद्याच.

तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं येऊन गेलंय, ते मला राहून राहून आठवतं. मुलगी शनिवारच्या गणिताच्या क्लासला जाताना गाडीत बोलत नाही. तुम्ही दोघं तिच्या वर्गावरून महिनाभर वाद घालताय, पण तिला काय वाटतं हे पत्रात कुठेच नाही. एक संध्याकाळ काढा. क्लासची वही बाजूला ठेवा आणि तिला एकच गणित द्या: दोन तृतीयांश भागिले एक षष्ठांश. उत्तर चार येतं ते ती पटकन देईल. मग विचारा, चारच का? चित्र काढून दाखव. दाखवता आलं तर ती बीजगणिताला तयार आहे, कोणताही वर्ग असो. उलटं करून गुणायचं एवढंच सांगितलं, तर क्लासने तिला वेग दिलाय, पाया दिला नाही, आणि तो पाया सहावीत भरून काढायला भरपूर वेळ आहे. हे गणित यजमानांनाच बसून करू द्या. परभणीतल्या शाळेत ते स्वतः कसं शिकले ते तिला ऐकायला मिळेल.

मैत्रिणीच्या आईकडे स्वतः जा. ईमेल नको, मेसेज नको. निवेदन तिला सांगा, डिस्ट्रिक्टचं म्हणणंही सांगा, तुमचं स्पॅनिश तुटकं असलं तरी चालेल, मुली आहेत सांगायला. तिला वेगळा वर्ग हवाय की नको हे तुम्ही पत्रात गृहीत धरलंय; तिला विचारलं नाहीत. माझ्या अनुभवात अशा आया शाळेबद्दल फार विचार करतात, फक्त त्यांना बैठक कधी आहे हे कुणी सांगत नाही.

बोर्डाच्या नियमित बैठकीची विषयपत्रिका 72 तास आधी लावणं कॅलिफोर्नियात बंधनकारक आहे, वेबसाइटवर बघत राहा. बोलायला साधारण दोन-तीन मिनिटंच मिळतात, म्हणून कागदावर लिहून न्या. ती यायला तयार झाली तर डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला चार-पाच दिवस आधी फोन करून दुभाष्या मागून ठेवा. तो एकेक वाक्य थांबून सांगणार असेल, तर कायद्याने तिला दुप्पट वेळ द्यावा लागतो.